नव्या वर्षाची उद्दिष्टे: दिव्यांग मुलांची थेरपी आणि साहाय्यक साधने यांचे वर्षभराचे नियोजन कसे करावे

जानेवारी उजाडला की दिव्यांग मूल असलेल्या घरात एखादा संकल्प हमखास बोलून दाखवला जातो. "यंदा त्याला चालतं करायचं", "यंदा तिला बोलायला लावायचं", "यंदा चांगली व्हीलचेअर घ्यायचीच". या बोलण्यामागची तळमळ खरी असते, परंतु थेरपिस्टला त्यावर काम करता येत नाही; कारण चालायचे म्हणजे ओट्यापासून न्हाणीपर्यंत की घरापासून शाळेपर्यंत, हे त्यात सांगितलेले नसते, आणि सहा महिन्यांनी काही साधले का, हेही कोणाला सांगता येत नाही. अशा इच्छेतून मोजता येईल असे उद्दिष्ट कसे घडवावे आणि साधन व थेरपी त्याला कशी जोडावी, हे या लेखात क्रमाने मांडले आहे. उद्दिष्ट हे मुलाच्या रोजच्या दिवसातील एखादे काम असावे. ते साधन नसावे आणि व्यायामही नसावा, ही या सगळ्या पद्धतीची मुख्य अट आहे.

खान्देशात या कामाला जानेवारी महिना सोयीचा असतो. कापसाची वेचणी संपत आलेली असते, शाळेचे दुसरे सत्र चालू असते आणि उन्हाचा तडाखा सुरू व्हायला अवकाश असतो. म्हणून पूर्ण वर्षाचा आराखडा एकदम न करता पहिला टप्पा आखाजीपर्यंतचा (अक्षय तृतीयेपर्यंतचा), म्हणजे साधारण साडेतीन महिन्यांचा, ठेवावा.

पहिली पायरी: घरातील साधनांची झडती

नवे उद्दिष्ट ठरवण्याआधी मागील वर्षांत मिळालेले प्रत्येक साधन माळ्यावरून, कपाटातून, धान्याच्या कोठीमागून बाहेर काढावे. अमेरिकेतील बेट्सी फिलिप्स आणि हाँगशिन झाओ यांनी १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २२७ प्रौढ दिव्यांग व्यक्तींची पाहणी केली होती आणि त्यांना मिळालेल्या साधनांपैकी २९.३ टक्के साधने वापरातून पूर्णपणे गेलेली आढळली होती. त्यामागची कारणे आपल्याकडील अनुभवाशी तंतोतंत जुळतात. साधन निवडताना वापरणाऱ्याचे मत विचारले गेले नव्हते, साधन फारशी पारख न करता सहज मिळाले होते, ते नीट काम देत नव्हते, किंवा मधल्या काळात व्यक्तीची गरजच बदलली होती. शिबिरात एकाच मापाच्या खुर्च्या वाटल्या जातात, त्या घरी आल्यावर घडी घालून भिंतीला लागतात आणि दोष मात्र "पोरगं बसतच नाही" असा मुलावर येतो.

व्हीलचेअर असेल तर मुलाला तीत बसवून तीन ठिकाणी पाहावे. मुलाच्या मांडीच्या बाहेरील बाजूला आणि खुर्चीच्या कडेच्या मध्ये आपला तळहात आडवा न करता सरळ घातला तर तो जेमतेम बसावा. तेथे उशी मावत असेल तर खुर्ची फार रुंद आहे आणि मूल एका बाजूला कलणारच. पाठ पूर्ण टेकलेली असताना गुडघ्यामागे, बैठकीच्या पुढील कडेपर्यंत, दोन-तीन बोटांची जागा राहावी. दोन्ही पाऊले पायटेकणीवर पूर्ण टेकावीत, लोंबकळू नयेत. या तिन्हींपैकी एक जरी चुकत असेल, तरी त्या खुर्चीत बसून जेवणे किंवा लिहिणे हे उद्दिष्ट ठरवण्यात अर्थ नाही. आधी खुर्ची दुरुस्त करावी लागेल.

पायाचा स्प्लिंट, म्हणजे पाऊल नीट ठेवणारा प्लॅस्टिकचा आधार, ज्याला बहुतेक घरांत नुसते "बूट" म्हणतात, तो वाढत्या वयात वर्षभरातच, कधी त्याहूनही लवकर, आखूड होतो. तो सुती मोज्यावर चढवून अर्धा तास ठेवावा, मग काढून कातडी पाहावी. लाल झालेली जागा वीस ते तीस मिनिटांत पूर्ववत झाली नाही, तर तो स्प्लिंट वापरणे थांबवून तो बनवणाऱ्या ऑर्थोटिस्टला दाखवावा. घरी तापवून तो वाकवण्याचा प्रयत्न करू नये.

कानाच्या मशीनची तपासणी तर रोज सकाळीच व्हायला हवी. सेल आहे का, कानात बसणाऱ्या साच्याच्या भोकात मळ साचला आहे का, नळी कडक झाली आहे का, आणि मशीन कानात घातल्यावर शिट्टी वाजते का, हे पाहण्यास फार वेळ लागत नाही. शिट्टी वाजत असेल तर बहुधा कान मोठा झाला आहे आणि साचा सैल पडला आहे. लहान सेल आकारानुसार व वापरानुसार साधारण एक-दोन आठवडे चालतात, त्यामुळे तालुक्याला गेल्यावर महिन्याभराचे सेल एकदम आणावेत. मशीन बंद असताना स्पीच थेरपीला नेत राहणे म्हणजे मुलाचा आणि पालकांचा दोघांचाही वेळ वाया घालवणे होय, आणि दुर्दैवाने हे फार ठिकाणी घडते.

दुसरी पायरी: दिवसातून उद्दिष्ट शोधणे

आता एक वही घ्यावी आणि मुलाचा एक साधा दिवस उठल्यापासून झोपेपर्यंत लिहून काढावा. अंथरुणातून उठणे, शौचाला जाणे, आंघोळ, चहा-भाकरी, कपडे, शाळेचा रस्ता, मधली सुटी, दुपारची झोप, संध्याकाळचे खेळणे, रात्रीचे जेवण. प्रत्येक ओळीपुढे मूल स्वतः काय करते, कोण मदत करते आणि कोणत्या ठिकाणी रडारड किंवा ओढाताण होते, हे नोंदवावे. हे काम आई एकटीने करू नये. दुपारभर मुलाजवळ असणारी आजी, त्याला सायकलवर शाळेत नेणारा भाऊ आणि वर्गशिक्षक यांना आईला न दिसणाऱ्या गोष्टी ठाऊक असतात.

मुलाला विचारणे या यादीत सर्वांत महत्त्वाचे आहे आणि तेच बहुतेक वेळा राहून जाते. बोलू न शकणाऱ्या मुलालाही दोन कामांची छायाचित्रे समोर ठेवून कोणते शिकायचे, हे डोळ्यांनी किंवा हाताने दाखवता येते. दहा-अकरा वर्षांच्या मुलीला स्वतःची वेणी घालायची असेल आणि पालकांना तिने पाढे म्हणावेत असे वाटत असेल, तर माझा कौल वेणीला आहे; जे काम मुलाला हवे असते त्याचा सराव न सांगता होतो.

यादीतून चार-पाच कामे निवडून प्रत्येकाला १ ते १० असे दोन आकडे द्यावेत. एक आकडा हे काम सध्या किती जमते याचा आणि दुसरा त्याबाबत आपण किती समाधानी आहोत याचा. ही पद्धत कॅनडातील व्यवसायोपचार तज्ज्ञांनी तयार केली असून तिचे साधन प्रथम १९९१ मध्ये प्रसिद्ध झाले. काही महिन्यांनी तेच आकडे पुन्हा द्यायचे असतात आणि दोन अंकांची वाढ ही दखल घेण्याजोगी मानली जाते. जे काम महत्त्वाचे वाटते पण ज्याचे दोन्ही आकडे कमी आहेत, ते उद्दिष्टासाठी योग्य. अशी दोनच कामे घ्यावीत, फार तर तीन. पाच उद्दिष्टांचा कागद घेऊन येणारे पालक मार्चमध्ये एकाचाही सराव करत नाहीत, कारण घरात गुरे, शेत, स्वयंपाक आणि इतर मुलेही असतात.

निवड करताना कॅनडातील पीटर रोझेनबॉम आणि यान विलेम गोर्टर यांनी २०१२ मध्ये मांडलेली सहा अंगे डोळ्यांसमोर ठेवावीत: रोजची कामे, कुटुंब, तंदुरुस्ती, मौज, मित्र आणि पुढचे आयुष्य. आपल्याकडे थेरपीचा सगळा भर पहिल्या अंगावर असतो. म्हणून दोनपैकी एक उद्दिष्ट मौजेचे किंवा मैत्रीचे असावे, असा आग्रह मी धरतो. कानबाईच्या रोटांना, म्हणजे खान्देशातील या देवीच्या सणाच्या जेवणाला, बसणाऱ्या घरात मुलाने सर्वांच्या पंगतीत, योग्य आधाराच्या आसनावर बसून जेवणे हेही तितकेच मोलाचे उद्दिष्ट आहे.

तिसरी पायरी: वाक्य लिहिणे आणि त्याची पाच पायऱ्यांत मांडणी

उद्दिष्टाच्या वाक्यात पाच गोष्टी असाव्यात: कोण, कोणते काम, कोठे व केव्हा, कोणत्या मदतीने, आणि किती वेळा. समजा, शहादा तालुक्यातील एका घरात सात वर्षांचा, स्वमग्न, अद्याप न बोलणारा मुलगा आहे. त्याला जेवताना काही हवे असले की तो आईचा हात ओढतो आणि न समजल्यास ताट ढकलतो. "मुलाचा संवाद सुधारणे" हे येथे उद्दिष्ट नव्हे. उद्दिष्ट असे लिहावे: "रात्रीच्या जेवणात, ताटाशेजारी चार चित्रांचा तक्ता असताना, आईने हात न धरता, तो हव्या असलेल्या पदार्थाच्या चित्रावर स्वतः बोट ठेवील, आखाजीपर्यंत आठवड्यातील तीन ते चार रात्री."

आता त्याची पायरीवार मांडणी करावी. थॉमस किरेसुक आणि रॉबर्ट शर्मन यांनी १९६८ मध्ये मानसिक आरोग्य सेवेसाठी मांडलेली ही पद्धत आता पुनर्वसनात जगभर वापरली जाते. तीत उणे दोनपासून अधिक दोनपर्यंत पाच स्तर असतात. या मुलाच्या बाबतीत उणे दोन म्हणजे आजची स्थिती, एकाही रात्री बोट न ठेवणे. उणे एक म्हणजे आठवड्यातून एक-दोन रात्री. शून्य म्हणजे अपेक्षित यश, तीन-चार रात्री. अधिक एक म्हणजे पाच-सहा रात्री. आणि अधिक दोन म्हणजे रोज. पाचही स्तरांत बदलणारी गोष्ट एकच आहे, रात्रींची संख्या. चित्रेही वाढवली, जागाही बदलली आणि मदतही कमी केली, तर नेमके काय साधले ते कळत नाही. मामाच्या घरी हाच तक्ता वापरणे हे पुढील टप्प्याचे वेगळे उद्दिष्ट होईल.

या पद्धतीत शून्य म्हणजे अपयश नव्हे, हे घरातील सर्वांना आधीच समजावून सांगावे. ठरवले तेवढे साधले, असा त्याचा अर्थ आहे. आणि उणे दोनवरून उणे एकवर येणे हीसुद्धा लिहून ठेवण्याजोगी प्रगती आहे. "काहीच फरक नाही" या शब्दांत ती बुडून जाते.

चौथी पायरी: काम ठरल्यावर साधन

साधनाची निवड आता, चौथ्या पायरीवर करायची. जॉय झबाला या तज्ज्ञ बाईंनी घालून दिलेला क्रम येथे उपयोगी पडतो: आधी मूल, मग त्याचा परिसर, मग काम आणि सर्वांत शेवटी साधन. परिसर हा भाग आपल्याकडे विशेष लक्ष देऊन पाहावा लागतो. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो, तेव्हा प्लॅस्टिकचा स्प्लिंट दुपारी घालणे नकोसे होते आणि तो उभ्या गाडीत किंवा तापलेल्या पत्र्यावर राहिल्यास त्याचा आकार बिघडू शकतो. त्यामुळे उन्हाळ्यात चालण्याचा सराव सकाळी लवकर ठेवावा, मोजे दोनदा बदलावेत आणि घामाने भिजलेले कानाचे मशीन रात्री सिलिका जेलच्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवावे. धडगाव-मोलगीच्या डोंगराळ वाटांवर पुढे छोटी चाके असलेली रुग्णालयी घाटाची खुर्ची रुतते. तेथे पुढे मोठे चाक असलेली, पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली तीनचाकी रचना अधिक टिकते. ओट्यावर चढण्यासाठी उतार बांधायचा असेल, तर उंचीच्या बारा पट लांबी धरावी: एक फूट उंच ओट्याला बारा फूट लांब उतार. अंगणात तेवढी जागा नसेल तर तो वळवून बांधावा, पण तीव्र करू नये.

संवादाच्या साधनाबाबत पालकांच्या मनात एक भीती असते की चित्रे दाखवायला शिकले तर मूल बोलणारच नाही. डायन मिलर, जॅनिस लाइट आणि राल्फ श्लॉसर यांनी २००६ मध्ये या विषयावरील अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा नीट तपासता आलेल्या २७ व्यक्तींपैकी एकाचेही बोलणे कमी झालेले आढळले नाही. बहुतेकांचे थोडेफार वाढलेच होते. त्यामुळे तक्ता निःशंकपणे सुरू करावा.

पहिला तक्ता पुठ्ठ्याचा, घरीच केलेला असावा. पुस्तकातील सफरचंद आणि सँडविचची चित्रे येथे कामाची नाहीत. घरच्या ताटातील भाकरीचे, वरण-बट्टीचे, शेवभाजीच्या वाटीचे छायाचित्र मोबाइलवर काढून तालुक्याच्या स्टुडिओत छापून आणावे, वर पारदर्शक चिकटपट्टी लावावी आणि एक चित्र "नको" यासाठी राखावे. नकार देता येणे ही मुलाची मोठी गरज आहे. ती भागली की ताट ढकलणे बरेचसे कमी होते. चित्राखाली आणि तोंडी घरात बोलला जाणारा शब्दच वापरावा. घरात अहिराणी बोलत असतील तर "माले पानी दे" असेच म्हणावे. पावरी किंवा भिली बोलणाऱ्या घरातही हाच नियम. थेरपीसाठी म्हणून प्रमाण मराठी बोलू लागल्यास मुलाला आजीचे आणि आजीला मुलाचे समजेनासे होते.

पुठ्ठ्याचा तक्ता मुलाने आपलासा केला की मोबाइलवरील ॲप पाहावे. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले "जेलो" हे मोफत ॲप आणि चेन्नईत विकसित झालेले "आवाज" हे भारतीय भाषांत चालतात. दृष्टिहीन मुलासाठी पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे, अँड्रॉइड फोनमध्येच असलेले "टॉकबॅक" आणि संगणकावरील मोफत "एनव्हीडीए" यांपासून सुरुवात करता येते. कोणतेही महागडे साधन घेण्यापूर्वी ते दोन-तीन आठवडे उसने वापरून पाहण्याची विनंती विक्रेत्याला किंवा केंद्राला करावी आणि त्या काळात आपले उद्दिष्ट उणे दोनवरून हलते का, ते पाहावे.

पाचवी पायरी: सराव दिवसात बसवणे

आठवड्यातील एक-दोन थेरपीच्या तासांनी उद्दिष्ट साधत नाही. ते तास पालकांना शिकवण्यासाठी असतात आणि खरा सराव घरी होतो. तो वेगळा वेळ काढून करण्यापेक्षा ठरलेल्या कामाला जोडावा. वर दिलेल्या मुलाच्या घरी सराव असा दिसेल: आई ताट वाढते, भाकरीचा तुकडा हातात धरते, "भाकर" म्हणत स्वतः भाकरीच्या चित्रावर बोट ठेवते आणि मग मनात दहापर्यंत अंक मोजत गप्प राहते. हे गप्प राहणे सर्वांत अवघड जाते, कारण घरातील कोणीतरी मध्येच "दे ना त्याला" म्हणते. मुलाने चित्राकडे नुसते पाहिले तरी सुरुवातीला लगेच तुकडा द्यावा. काहीच केले नाही तर आईने पुन्हा एकदा स्वतः दाखवावे आणि मग द्यावा. उपाशी ठेवून शिकवू नये.

कामासाठी परगावी जाणाऱ्या कुटुंबांनी उद्दिष्ट ठरवतानाच ही गोष्ट थेरपिस्टला सांगावी. ऊसतोडीच्या तळावर किंवा गुजरातेतील कामाच्या ठिकाणी खुर्ची नेता येत नाही, पण चार चित्रांचा तक्ता, उशांनी केलेले आसन आणि पायाचे ताण देण्याचे दोन व्यायाम नेता येतात. अशा घरांसाठी परगावच्या महिन्यांत उद्दिष्ट पुढे सरकवण्याऐवजी आहे ते टिकवणे हेच उद्दिष्ट लिहावे.

कागदपत्रे आणि पैसा

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांचा समावेश आहे, आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचे राष्ट्रीय ओळखपत्र, अद्याप काढले नसेल तर जानेवारीतील पहिले काम तेच. अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली होते आणि पुढील थेरपीसाठी जिल्हा स्तरावरील शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. शाळेत नाव असल्यास समग्र शिक्षा अभियानाच्या विशेष शिक्षकांना उद्दिष्टाचा कागद दाखवावा.

दिव्यांगांना साहाय्यक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असल्यास साधन पूर्ण मोफत आणि ३०,००० रुपयांपर्यंत निम्म्या किमतीत मिळते. मात्र त्यातील एक अट फार थोड्या पालकांना माहीत असते: एकाच कारणासाठी पुन्हा साधन मिळण्यास तीन वर्षे, आणि बारा वर्षांखालील मुलांसाठी एक वर्ष, थांबावे लागते. चौदा वर्षांच्या मुलीने शिबिरात चुकीच्या मापाची खुर्ची "मिळते आहे तर घेऊ" म्हणून घेतली, तर ती सतरा वर्षांची होईपर्यंत योग्य खुर्चीचा मार्ग अडतो. म्हणून शिबिराला जाताना थेरपिस्टने लिहून दिलेली मापे सोबत न्यावीत आणि माप जुळत नसेल तर साधन नम्रपणे नाकारून मोजमापाची नोंद करण्याची विनंती करावी. ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा परिषद यांच्या स्वनिधीतील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी राखीव असते. उतार बांधणे, शौचालयात आधाराचा दांडा बसवणे अशा कामांसाठी ग्रामसेवकाकडे लेखी अर्ज करावा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता किंवा बहुदिव्यांगत्व असल्यास राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विमा योजनेचीही चौकशी करावी. तिचे संरक्षण वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत आहे.

सहावी पायरी: नोंद आणि फेरविचार

नोंदीसाठी भिंतीवरील दिनदर्शिका पुरते. ज्या रात्री मुलाने स्वतः बोट ठेवले त्या तारखेवर टिकली काढावी, बाकी रकाने मोकळे सोडावेत. दर महिन्याला एकदा तीस-चाळीस सेकंदांचे चित्रण त्याच कोनातून, त्याच वेळी करावे. डॉक्टरांना घटकाभर सांगण्यापेक्षा ते अधिक उपयोगी पडते.

चार ते सहा आठवडे एकही टिकली वाढली नाही तर मूल हट्टी आहे, असा निष्कर्ष काढण्याआधी ठरावीक क्रमाने शोध घ्यावा. साधन बिघडले किंवा आखूड झाले का, ते आधी पाहावे. मग मुलाला काही दुखते आहे का, झोप बिघडली आहे का, फिटचे औषध बदलले आहे का, हे तपासावे आणि शंका असल्यास डॉक्टरांना भेटावे. पूर्वी येत असलेले कौशल्य अचानक गेले असेल तर आखाजीची वाट न पाहता लगेच भेटावे. यानंतर पायरी फार उंच ठेवली गेली का, याचा विचार करावा आणि चार चित्रांची दोन करावीत. सर्वांत शेवटी उद्दिष्टच बदलावे, आणि तेही मुलाला पुन्हा विचारून.

आखाजीला पहिला आढावा झाला की दुसरा जूनमध्ये शाळा उघडताना, तिसरा पोळ्याच्या सुमारास आणि चौथा दिवाळीत घ्यावा. यांतील जूनचा आढावा चुकवू नये. त्या वेळी वर्ग बदलतो, शिक्षक बदलतात आणि मागील शिक्षकांना जे ठाऊक होते ते नव्या शिक्षकांपर्यंत पोहोचत नाही. म्हणून शाळेच्या पहिल्या आठवड्यात एका कागदावर मुलाचे नाव, त्याचे सध्याचे उद्दिष्ट व स्तर, कोणते साधन केव्हा वापरायचे, मशीनचे सेल दप्तराच्या कोणत्या कप्प्यात आहेत आणि ते कसे बदलायचे, मूल "हो" आणि "नको" कसे सांगते, एवढे लिहून वर्गशिक्षकांच्या हाती द्यावे आणि त्याची दुसरी प्रत दप्तराच्या आतल्या बाजूला चिकटवावी.